सुळ्यामागची फट

"दात छान आहेत. पण फट कुठंय?"

कवळी पक्की करण्याआधी मेणात बसवलेले दात तोंडात घेऊन म्हातारे आरशात बघत होते. कवळीवाली चाट पडली. दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती कित्येक वर्षं कवळ्या घडवत होती. दोन दातांमधून केस जाता कामा नये, हे तिचं ब्रीद. फट बुजवा म्हणणारे रोज भेटत. फट मागणारा हा पहिलाच.

"उजवीकडे, सुळ्याच्या मागे होती," त्यांनी बोट लावून दाखवलं. "आजोबांकडे चांदीचं दातकोरणं होतं, साखळीला अडकवलेलं. वडील पिसाचा देठ तासून घ्यायचे. माझ्या वाट्याला बांबूची काडी आली. ऐपत घसरत गेली, पण कोरणं काही सुटलं नाही!"

तिला हसू आलं. "आजोबा, सुटलात म्हणा. फट ठेवली तर घास अडकेल."

"अडकायलाच हवा की!"

"डॉक्टर म्हणतील, हिचा हात बिघडला. नाही जमायचं."

म्हाताऱ्यांनी दात काढून ट्रेमध्ये ठेवले आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको एकटीच आली. नवऱ्याच्या हट्टाबद्दल माफी मागायला आली असणार, असं कवळीवालीने गृहीत धरलं.

"मावशी, मनावर नका घेऊ. मी दात नीट चिकटूनच बसवते."

"अगं बाई, तेच नको म्हणून सांगायला आलेय." त्या स्टुलावर टेकल्या. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. यांचं कोरल्याशिवाय भरतच नाही! जेवण झालं की खुर्चीत रेलायचं, हातात काडी, आणि मग गप्पा. एरवी दिवसभर तोंडाला कुलूप. तेवढाच काय तो माझा वेळ. दात काढल्यापासून वाटीभर पातळ काहीतरी पितात आणि उठून जातात. मी बसते खरकट्या वाटीकडे बघत." त्या उठल्या. "फट जरा ऐसपैसच ठेव."

कवळीवालीने सुरी तापवली, मेण सैल केलं आणि सुळ्यामागचा दात किंचित मागे सरकवला. हात सवयीने तो पुन्हा पुढे ढकलायला बघत होता. तिने हात आवरला.

तयार कवळी पाहून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

"चूक नाही," ती म्हणाली. "ठेवलीय."

कवळी बसवून झाल्यावर नवरा-बायको बाहेरच्या बाकावर बसले. मावशींनी भाजलेल्या दाण्यांची पुडी आणली होती. म्हातारे जपून चावत राहिले. मग जीभ उजवीकडे वळली, थबकली. हात खिशात गेला. काडी निघाली, पाठ भिंतीला टेकली.

"आपली पहिली खोली आठवते का गं? पत्रा गळायचा ती?"

"न आठवायला काय झालं! शंभरदा ऐकवलीय."

"मग आणखी एकदा ऐक."

आतल्या खोलीत कवळीवालीने पॉलिशची मोटर बंद केली. उघड्या दारातून बाक दिसत होता. मावशींनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन बसल्या.