बॉनेट उघडं दिसलं तर

दोन सीटांच्या त्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या दोघा भावांनी एकाच दिवशी भंगारातून उचलल्या होत्या. दादाची पिवळी, धाकट्याची निळी. दादा लेथवर काम करायचा, न मिळणारे भाग स्वतःच घडवायचा. धाकट्याचं चष्म्यांचं दुकान. गाड्या रस्त्यावर आल्या तेव्हा रीतभात दादानंच शिकवली. आपल्यासारखी गाडी समोरून आली की दिव्यांची एकदा उघडझाप करायची, स्टिअरिंगवरून हात उचलायचा. "आणि कुणाचं बॉनेट उघडं दिसलं ना, तर थांबायचं. मग तो वैरी का असेना."

वैर यायला फार दिवस लागले नाहीत. आईचं ऑपरेशन करायचंच, हा हट्ट धाकट्याचा. आई टेबलावरून परत आली नाही. दवाखान्याच्या जिन्यात दादा एवढंच म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं?" बोलणं तुटलं ते तुटलंच.

नऊ वर्षं दर रविवारी सकाळी दोघं त्याच घाटात समोरासमोर येत. सुरुवातीला धाकटा हात उचलायचा. दादाची मान सरळ, जणू समोर रस्ता रिकामाच आहे. मग धाकट्यानंही सोडून दिलं. इतर गाडीवाल्यांना मात्र दोघंही अगदी हसून हात करत.

एका रविवारी पिवळी गाडी कडेला दिसली. बॉनेट उघडं. निळीचा आवाज दादानं ओळखला असावा. तो ताठ झाला आणि तेलकट हात खांद्यापर्यंत वर केला.

धाकट्याचा पाय ब्रेकवर गेला, पण मन आडवं आलं. आता बरी गरज पडली! तो सरळ समोर बघत निघून गेला.

तिसऱ्या वळणावर त्याला स्वतःची लाज वाटली. पण घाटात गाडी वळवायला जागा कुठली? पार माथ्यापर्यंत जावं लागलं. परतला तेव्हा तिथं एक लाल गाडी उभी होती आणि तिचा दाढीवाला मालक फॅनबेल्ट चढवत होता.

"दादा, मी बघू का?"

दादा हात पुसत राहिला. "नको, साहेब. झालंय आमचं."

"ओळखीचे का?" दाढीवाल्यानं विचारलं.

"छे. गाडी तेवढी सारखी आहे."

पुढच्या रविवारपासून धाकटा दरवेळी दिवे लावायचा, हात पार काचेला टेकेपर्यंत उचलायचा. दादाची मान सरळच. दोन महिन्यांनी पिवळी गाडी यायचीच थांबली. शेवटी त्यानं दुकानातून वहिनीला फोन लावला.

"गाडी विकली रे," ती म्हणाली. "डोळे गेले त्यांचे. आतला दाब वाढला होता. वर्षभर कडेचं काही दिसत नव्हतं, तरी चालवत होते."

धाकटा स्टुलावर बसला. लोकांच्या डोळ्यांतला हाच दाब तो रोज मोजायचा.

"वहिनी, माझ्याकडे का नाही आणलंत?"

"शंभरदा म्हटलं. तुझं नाव काढलं की उठून जायचे."

"मी येतो आत्ता. लांब उभा राहीन. त्यांना दिसणारही नाही."

"पावलं ओळखतात ते, भाऊजी. नको येऊस."

तिनं फोन ठेवला. समोर एक म्हातारं गिऱ्हाईक तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून केव्हाचं थांबलं होतं. धाकटा उठला, त्यानं यंत्राचा दिवा लावला आणि म्हणाला, "हलू नका हं. सरळ समोर बघा."