तिसऱ्या दारावरचं तोंड

जगनने शेवटच्या तोंडावरून रबरी साचा सोलून काढला, परांचीवर दोन पावलं मागे सरला आणि मान कलती करून पाहिलं. झकास. आठही एकसारखी.

पेणमधल्या या चौकाला लोक शेठचा चौक म्हणत. मिठाच्या धंद्यात गब्बर झालेल्या शेठने नव्वद वर्षांपूर्वी समोरासमोर आठ घरं बांधली आणि जगात जे जे पाहिलं ते त्यांच्या अंगावर चिकटवलं. रोमचे खांब, राजस्थानी झरोके, पंख फुटलेले सिंह, मोरांच्या टाइल्स, रंगीत काचा. कशाचा कशाला मेळ नाही, तरी बघणाऱ्याचा पाय निघत नसे. शेठचं नाव तीन कमानींवर कोरलेलं. प्रत्येक दारावर एका बाईचं चुन्यात घडवलेलं तोंड होतं. त्यांची नावं मात्र कुणी कोरली नाहीत.

दुरुस्तीला जगनला बोलावलं, कारण गणपतीच्या कारखान्यात डोळे आखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला ही तोंडं कच्च्या हाताची वाटली. एकीच्या गालावर खड्डे, एकीचे दात पुढे, तिसऱ्या दारावरची तर चक्क तिरळी. कारखान्यात नजर चुकली की मूर्ती बाजूला. त्याने त्यातल्या त्यात देखण्या तोंडाचा साचा घेतला आणि बाकीची सात छिन्नीने उडवली.

"ओ दादा, तिसरं दार ह्येच ना?"

खाली एक बाई उभी होती. पदरात अर्धं तोंड लपवलेली आठ-नऊ वर्षांची पोर तिला चिकटलेली.

"हेच. का?"

"निडीवरनं आलोय. मी पारी, ही माझी किमया. हिची पणजी, म्हंजे माझी आजी, हितं चुना कुटायला होती. कारागिरानं कामावरच्या बायांचीच तोंडं काढली, तिसऱ्या दारावर तिचं. आजीनं सोता आणून दाखवलंय मला." मग तिने आवाज उतरवला. "शालेत जायला मागत नाय ओ. पोरं चिडवतात, एक डोला पेणला, एक रोह्याला. म्हटलं चल, तुझ्यासारखीच नजर शेठच्या दारावर बसलीय, दाखवते."

पोर पदरातून बाहेर आली. बराच वेळ वर बघत राहिली.

"सरल तर हाय," ती म्हणाली. "खोटं सांगितलंस, आई."

"नाय गो, आजीनं..." पारीने शेजारचं दार पाहिलं, पुन्हा हे पाहिलं. तिचा चेहरा पडला.

फुटके तुकडे परवाच खाडीकडच्या भरावात गेले होते. दार दुसरं असेल, एवढं म्हटलं की दोघी निमूट स्टेशनकडे वळल्या असत्या. जगनने तोंड उघडलंही. मग तो खाली उतरला आणि पोरीसमोर उकिडवा बसला.

"आई खोटं बोलत नाय, बाय. डोळा तसाच होता. मी फोडला. मी सरळ केला."

किमयाने त्याच्याकडे पाहिलं. एक डोळा त्याच्यावर, दुसरा त्याच्या खांद्यापलीकडे.

"का?"

उत्तर सोपं होतं. कारखान्यात नव्या माणसांना तो ते रोज ओरडून सांगायचा: नजर चुकली की मूर्ती बाजूला. त्याने हाताला चिकटलेलं प्लास्टर नखाने खरवडायला घेतलं.

"सांगा ना," ती म्हणाली.