चौदा वर्षं मुकं राहिलेलं कार्ड

मी एक नेटवर्क कार्ड बोलतोय. बोलायची मला सवय नाही. एका कॉम्प्युटरचं म्हणणं दुसऱ्याला सांगणं हे माझं काम, आणि तेच मला चौदा वर्षं कुणी करू दिलं नाही. तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. हिरवी पाटी, तिच्यावर चिकटलेले काळे किडे आणि एका कडेला सोनेरी दातांची रांग. हे दात कॉम्प्युटरच्या पोटातल्या खाचेत रुतले की आम्ही कामाला लागतो. मी गेलो तो छापखाना अंधांसाठी ब्रेल पुस्तकं छापायचा. तिथले मुद्रितशोधक स्वतः जन्मांध. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

माझ्या शेजारी बोलकं कार्ड होतं. मास्तर जे टाइप करतील ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. दिवसभर नुसती टकळी! कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक कार्डाला हाक मारायचा एक क्रमांक असतो, आणि आम्हा दोघांना नेमका एकच हवा होता. त्या गोंधळात एकालाही धड काम करता येईना.

दुरुस्तीवाल्यानं मिनिटात निकाल लावला. बोलकं कार्ड म्हणजे मास्तरांचे डोळे. मी कोण लागून गेलो? माझ्या अंगावर बारीक खांबांच्या जोड्या आहेत. एका जोडीवर इवलीशी टोपी बसवली की माझा क्रमांक ठरतो. त्यानं टोपी काढली आणि हरवू नये म्हणून एकाच खांबावर अडकवून ठेवली. या धंद्यात सगळेच तसं करतात. मी मुका झालो. मला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नसे.

पुढची अकरा वर्षं मास्तरांनी एकट्यानं ब्रेलचा शब्दकोश रचला. मी शेजारी नुसता धूळ खात होतो. शब्दकोश पुरा झाला आणि त्याच वर्षी छपाईचं यंत्र कायमचं बंद पडलं. नवं यायला आणखी तीन वर्षं गेली.

तोवर मधुमेहानं मास्तरांची बोटं बधिर केली होती. चहा गरम आहे हे त्यांना वाफेवरून कळायचं. शब्दकोश पुन्हा रचणं आता त्यांच्या हातून होणार नव्हतं, आणि होता तो तेवढ्या एका कॉम्प्युटरमध्ये. फ्लॉपीची खाच केव्हाच मोडलेली. डिस्क इतकी जुन्या जातीची की नव्या यंत्राबरोबर आलेला कॉम्प्युटर तिला ओळख देईना. बाहेर पडायला एकच वाट उरली होती, ती माझ्यातून.

दुरुस्तीवाला सकाळपासून माझ्याशी झटत होता. त्यानं खोडरबरानं माझे दात घासले, खाच बदलली, वायर बदलली, बोलकं कार्डही उपटून बाजूला ठेवलं. दर वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू करावा लागे, आणि दर वेळी डिस्क आधीपेक्षा जास्त कण्हे.

"अजून किती वेळा चालू-बंद करणार?" मास्तरांच्या भाचीनं विचारलं. छापखाना आता तीच सांभाळते. "डिस्कनं राम म्हटला म्हणजे?"

"कार्ड स्क्रीनवर दिसतंय हो. पण हूं नाही की चूं नाही."

"ती टोपी का काय ते बघितलंत?"

"बसलीय की. ही काय, समोर दिसतेय."

वरून पाहिलं तर ती बसल्यासारखीच दिसते. त्याचाही दोष नाही.

"इकडे आण ते," मास्तर म्हणाले.

"मामा, तुमच्या बोटांना कुठे काही..."

"टोचलेलं कळतं अजून."

त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि अंगठा दाबत दाबत खांबांवरून नेला. एका जागी थांबले.

"अरे, टोपीच्या जोडीचा हा खांब उघडा कसा?"

दुरुस्तीवाल्याचा चेहरा पडला. "मीच अडकवली होती, मास्तर. चौदा वर्षं झाली. साफ विसरलो बघा."

"दिव्याखाली अंधार!" भाची करवादली.

"असू दे गं," मास्तर हसले. "अंधाराची आपल्याला सवय आहे."

टोपी दोन्ही खांबांवर बसली आणि मी बोलू लागलो. डिस्क थांबत, अडत एकेक पान देत होती. मी ते पुढे पोचवत होतो. दुपार कलली तेव्हा शेवटचं पान पलीकडे गेलं. थोड्या वेळानं डिस्क घरघरली आणि कायमची थांबली.

मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं होतं, म्हणून पुढचं मी पाहिलं. नव्या यंत्रातून शब्दकोशाचं पहिलं पान खडखडत बाहेर आलं. दुरुस्तीवाल्यानं ते घाईघाईनं मास्तरांच्या हातात दिलं. त्याला ब्रेल येत नाही. पान उलटं होतं, वरची ओळ तळाशी.

भाचीचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला.

मास्तरांनी डावीकडून उजवीकडे बोटं फिरवली. एक ओळ, दुसरी ओळ, पार तळापर्यंत. दोन्ही हातांनी. मग पान नीट मांडीवर ठेवलं.

"छान उठलंय," ते म्हणाले. "एकही चूक नाही."

"एकही नाही, मामा," भाची म्हणाली.

आता मी टेबलाच्या खणात असतो. शब्दकोशाचे सहा खंड निघाले. लांब लांबची मुलं ते वाचतात म्हणे. मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. फक्त मास्तरांच्या हाती पान द्याल, तेव्हा आधी सरळ करून द्या. ते स्वतः सांगायचे नाहीत.