तिसरी हाक

माझी नात टीना भंडाऱ्याला नर्स म्हणून लागली, त्याच हिवाळ्यात हे घडलं. पहिल्या पगारातून तिनं मला चष्मा आणून दिला होता, म्हणून साल पक्कं आठवतं. २०२४ लागून दोन आठवडे होत आले होते.

आमचं गाव सिहोऱ्याच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या खाली आहे. आमचा समाज पिढ्यान्पिढ्या या तलावावर जगतो. मासोळी धरायची, पावसाळा सरला की शिंगाडे तोडायचे. धुक्यात, गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून शिंगाडे तोडताना शेजारचा माणूस दिसत नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे. डोंग्यात, म्हणजे लहान नावेत बसलेल्या म्हाताऱ्यानं थोड्या थोड्या वेळानं एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि पाण्यातल्यानं ‘हाव’, म्हणजे ‘हो’ म्हणायचं. दोन हाकांना ओ उशिरा आली, तर तिसरी मारायची नाही. डोंगा सरळ त्याच्याकडे न्यायचा आणि माणसाला ओढून वर घ्यायचं. ही रीत मला माझ्या बापानं शिकवली. सेवकरामला ती मी शिकवली.

सेवकराम माझ्या चुलतभावाचा मुलगा. बाप लहानपणीच गेला, म्हणून पाण्यात तो माझ्याच हाताखाली वाढला. मोठा झाल्यावर तुमसरच्या एका राइस मिलमध्ये हमालीला जाऊ लागला आणि २००५ साली तिथून ललिताला बायको करून घेऊन आला. ती आमच्या समाजाची नव्हती. पंच बसले. त्यांत वयानं मी मोठा. आम्ही म्हटलं, चूक कबूल कर, तीन गावांना जेवण दे, मग ती आमची सून.

“चूक कोणती, काका?” त्यानं विचारलं.

“तिले आणली ते.”

“मंग जेवण नाई देत. जेवण देलं तर ते जनमभर चूकच राहीन ना.”

तो उठून गेला. त्या दिवसापासून आम्ही त्याला हाक मारायचं सोडलं. कागदावर काहीच नव्हतं. अशा गोष्टींविरुद्ध कायदा आला, तेव्हाही आमच्याकडे काही बदललं नाही, कारण आम्ही काही करतो असं कोणी कबूलच करत नव्हतं. फक्त तलावावर त्याचा वाटा नव्हता, पंगतीत त्याचं पान नव्हतं आणि त्याचं नाव कोणाच्या तोंडात नव्हतं.

ललिता तापानं गेली, तेव्हा तिला उचलायला मिलमधले चार हमाल टेम्पोनं आले. मी माझ्या ओट्यावर बसून पाहत होतो. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर तो घरात एकटाच. दारावरून कोणी जाऊ लागलं की आतून खोकायचा, घरात माणूस आहे एवढं कळावं म्हणून. आम्ही तसेच पुढे जायचो.

मग एके दिवशी त्यानं मंगरूच्या हातानं निरोप धाडला. मंगरू आमच्यातला थट्टेखोर गडी, पण हा निरोप त्यानं मान खाली घालून सांगितला. “काका, सेवकराम जेवण द्याले तयार हाय. म्हणते, आता ललिता नाई, तिच्या मनाले लागाचं नाई. मले उचलाले चार जण पायजे म्हणते.”

आम्ही हो म्हटलं. पण तीन गावांचं जेवण हमालाच्या मजुरीत कुठून निघणार? वर्ष तसंच गेलं.

अशात वीरेंद्र नावाचा एक शहरी पोरगा गावात आला. गावोगावी स्पर्धा घेऊन त्या मोबाइलवर दाखवायच्या हा त्याचा धंदा. त्यानं आमच्या तलावावर खेळ ठेवला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला चौदा जणांनी गळ्याएवढ्या पाण्यात आपापला बांबू रोवून उभं राहायचं. बाहेर आला तो बाद. शेवटी उरेल त्याला दोन लाख. दर अर्ध्या तासानं नावं पुकारायची. डोंगा चालवणारा आणि यादी वाचणारा असा एकच माणूस त्याला हवा होता. टीना शाळेत असताना तिच्या पाटीवर मी साठीनंतर अक्षरं शिकलो होतो. म्हणून लोकांनी माझं नाव सांगितलं.

त्या दिवशी सकाळी पाळीवर टेबल मांडून मी अर्ज भरत होतो. रांगेत सेवकराम आला. दाढी पांढरी, खांदे हमालाचे, पोट आत गेलेलं. मी मान वर केली नाही. 

“घरचा फोन नंबर सांगा दादा,” वीरेंद्र म्हणाला. “काही झालं तर कोणाला कळवायचं?”

“रिकामं राहू द्या जी.”

“असं कसं? कोणी तरी असेलच ना?”

पेन माझ्या हातात होतं. मी ती जागा रिकामी सोडली.

सातला शिट्टी झाली. पाण्यावरून वाफ निघत होती. पहिल्या तासाभरातच पाच जण कुडकुडत बाहेर आले. साडेसातला मी पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा नववं नाव सेवकरामचं होतं. आठ नावं सरळ घेतली आणि थांबलो. जीभ वळेना. पाळीवरून वीरेंद्र ओरडला, “बाबा, थांबलात का?”

मी डोळे कागदावर ठेवले आणि मोठ्यानं म्हटलं, “सेवकराम!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात वर केला. “हाव, काका.”

बाकी कोणी ‘काका’ लावलं नव्हतं.

दुपारपर्यंत चौघे उरले. ऊन निघालं, पण पाणी तसंच होतं. मंगरू दोन बांबूंपलीकडे उभा होता. पाण्यात तो समाजाचा नियम विसरला, की मुद्दामच विसरला, कोण जाणे.

“काय बे सेवक्या, धानाच्या बोरीसारखा गुमान उभा हाय! मिलवाल्यानं शिवून पाठवला का तुले?”

सेवकराम हसला. एकोणीस वर्षांनी मी त्याला हसताना पाहिलं. “तू बोलत राय, मंगरू. थंडी कमी लागते.”

“मी बोलून राहिलो ते तुले बाहेर काढाले. दोन लाख मले पायजे ना बावा. बायको म्हणे, आणले नाई तर घरी येऊ नको.”

“मंग माया घरी ये. दार उघडंच रायते.”



अडीचच्या हाकेला सेवकरामची ओ उशिरा आली. मी लक्ष ठेवून होतो, मला ते कळलं. पण मला वाटलं, इतक्या वर्षांत त्याला कोणी नावानं बोलावलं नाही, माणसाची ओ द्यायची सवय मोडली असेल. असं वाटलं आणि मला लाज वाटली. त्या लाजेत ती ओ मी मोजलीच नाही.

तीनच्या हाकेला ओ पुन्हा उशिरा आली. या वेळी ती जडही होती, तोंडात घास असावा तशी. मी डोंगा जवळ नेला. ओठ काळपट झाले होते. पण सकाळपासूनची थरथर थांबली होती. मी मनाशी म्हटलं, सरावला. लहानपणी मीच तयार केलेला गडी आहे.

तरी विचारलं. यादीबाहेरचं, माझ्या मनातलं हे पहिलंच वाक्य होतं. “निघतो का रे?”

“किती... उरले, काका?”

“मंगरू अन् तू.”

त्यानं बांबू दोन्ही हातांनी कवळला. “मंग... हाक मारत राय.”

मी तेव्हाच त्याचा हात धरायला हवा होता. दोन ओ उशिरा आल्या होत्या. पण ओढून घेतला असता तर तो बाद झाला असता, जेवण गेलं असतं आणि गाव म्हणालं असतं की, म्हाताऱ्यानं त्याला शेवटीही पंगतीत येऊ दिलं नाही. मलाही तो पंगतीत हवा होता. मी काठी रोवून डोंगा मागे घेतला.

साडेतीनला मंगरूनं बांबू सोडला. “घे बे सेवक्या, जिंकला तू! माये पाय कोणाचे हायेत तेच मले समजून नाई राहिलं,” असं म्हणत तो काठाकडे निघाला. पाळीवर टाळ्या झाल्या, शिट्टी झाली. वीरेंद्र भोंग्यावर सेवकरामचं नाव ओरडू लागला.

सेवकराम हलला नाही.

“सेवकराम!” मी हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. ओ नाही. आणि मी तिसरी हाक मारली, जी आमच्यात कोणी मारत नाही. मग धोतरासकट पाण्यात उडी घेतली. बांबूला कवळलेली त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मंगरू अर्ध्या वाटेवरून परत फिरला. दोघांनी मिळून त्याला डोंग्यात घेतलं. आधी त्याला शिवायला बिचकणारे चौघे-पाच जण पाळीवरून धावत आले. कोणी घोंगडी टाकली, कोणी तळपाय चोळू लागलं.

त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे अर्धे उघडे. डोंगा काठाला लागताना तो पुटपुटला, “हाव.”

कोणत्या हाकेची ती ओ होती, मला सांगता येत नाही.

वीरेंद्रच्या गाडीत घालून त्याला तुमसरला नेलं. वाटेतच तो शांत झाला. दवाखान्यात डॉक्टरनं तपासून मान हलवली आणि विचारलं, “तुम्ही यांचे कोण?”

“काका,” मी म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं.

टीना रात्री घरी आली. मी तिला सगळं सांगितलं, ओ कशी उशिरा आली, थरथर कशी थांबली. ती माझ्याजवळ खाली बसली. “बाबा, थंडीनं जीभ जड होते. थरथर थांबली म्हणजे माणूस सरावला असं नसते. अंगातली गरमी सरली असं असते.”  

त्याला उचलायला चार जण लागतात. चाळीस आले. मंगरूनं पुढचा खांदा तलावापर्यंत कोणाला दिला नाही.

तिसऱ्या दिवशी वीरेंद्र बक्षीस घेऊन आला आणि कोणाला द्यायचं असं विचारू लागला. ज्याचं नाव आम्ही घेत नव्हतो, त्याचा वारस कोण म्हणून पुढे येणार? शेवटी मंगरू म्हणाला, “त्याले जेवण द्याचं होतं. द्या.”

तेरवी सव्वीस जानेवारीला आली. तीन गावं जेवली. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. पंगतीत पहिलं पान त्याचं मांडलं होतं. समाजात परत घेतलेल्या माणसाला वयानं सर्वांत मोठ्या माणसानं नाव घेऊन बसायला सांगायचं असतं. मी उभा राहिलो आणि एकदाच नाव घेतलं. मग वाढप्यांना वाढायला सांगितलं. मी जेवलो नाही. त्यानंतर पंचांत बसलोही नाही.

दोघांची नावं इथं लिहून ठेवतो: ललिता सेवकराम ऑगस्ट २०१७ मध्ये वारली. सेवकराम, वय पंचावन्न, रविवार, १४ जानेवारी २०२४ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास तुमसरच्या वाटेवर वारला.