दुहेरी टाका

क्लबात तिला सगळे टाकेबाई म्हणत. तंबू, होडीची शिडं, ट्रकची ताडपत्री, जे फाटेल ते तिच्या दुकानात यायचं. तिचा थोरला भाऊ म्हणायचा, "हिच्याकडे माणूस फाटून आला तरी ही आधी दोऱ्याचा रंग विचारेल." असं म्हणणारा दादा जाऊन अकरा महिने झाले होते.

क्लब होता बग्गीवाल्यांचा. बग्गी म्हणजे जमिनीला टेकेल इतकी बुटकी, तीन चाकांची गाडी. तिला इंजिन नाही. माणूस तिच्यात पाय लांब करून बसतो, हातात पतंगाची दोन हँडल धरतो आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर वारा त्याला ओढत नेतो. पतंगही गच्चीवरचा कागदी नव्हे. दोन माणसं शेजारी झोपतील एवढं कापड, आत शिवलेले कप्पे. वारा तोंडातून आत शिरला की ते गादीसारखं फुगतं. काही चुकलं तर हँडल सोडून द्यायची. मग मनगटाच्या पट्ट्याला बांधलेल्या ब्रेकच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि पतंग मेल्यासारखा खाली येतो. एवढं एकच लक्षात ठेवायचं असतं.

दादानं ती सोडली नव्हती. वाऱ्याच्या एका झोतात तो गाडीसकट उचलला गेला, गाडी लगेच गळून पडली, तो मात्र झाडाएवढा वर गेला आणि तिथून खाली आला. टाकेबाई पोचली तेव्हा त्याला नेलेलं होतं. तिला दिसल्या त्या फक्त चाकांच्या तीन रेषा. सरळ जात जात त्या एका जागी संपल्या होत्या. पुढे कोरी वाळू.

आणि आदल्याच संध्याकाळी तो तिच्याकडे पतंग घेऊन आला होता. महिन्यात तिसऱ्यांदा पुढच्या तोंडाची शिवण उसवली होती.

"स्वस्तातलं घेतलं की असंच," ती म्हणाली होती.

"उडतो मात्र झकास गं. तू एकदा अशी शीव की पुन्हा तुझं तोंड बघायला लागू नये."

तिनं शिवण घातली. शिडाचा जाड दोरा घेतला, पाठीमागे पट्टी लावली आणि दुहेरी टाका मारला. पण वीज जात-येत होती, अर्धी शिवण तिनं हातानं पुरी केली होती, आणि तीच अर्धी शिवण आता तिला जगू देत नव्हती. हवेत असताना ती सुटली असेल, कापड फाटलं असेल, म्हणून तो पडला असेल. कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. वहिनीनं पतंगाचं पोतं तिच्याकडे आणून टाकलं, "घरात ठेववत नाही," एवढंच म्हणाली, आणि ते पोतं अकरा महिने कापायच्या टेबलाखाली तसंच पडून होतं. पंखा लावला की आत कुठेतरी हवा शिरायची आणि पोतं हळूच वर यायचं, खाली जायचं. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं. तिनं पंखा लावणं बंद केलं. उन्हाळाभर घाम पुसत मशीन चालवलं.

अशात एक दिवस वेल्डर दुकानात आला. क्लबातल्या सगळ्या बग्ग्या त्यानंच बनवलेल्या. दादाचा जिवलग मित्र.

"सहा नवे मेंबर झालेत," तो म्हणाला. "सहाही जणांनी स्वस्तातले पतंग मागवलेत, तीन तऱ्हांचे. त्यातला कुठला चालेल, कुठला नाही, ते कुणीतरी उडवून सांगायला हवं. आम्हाला उडेल ते सगळं चांगलंच वाटतं. कापड तुला कळतं."

"मी आता वाळूवर येत नाही भाऊ."

"माहितीये." तो दारातच उभा राहिला. "तिसरा तुझ्या दादाच्या पतंगासारखाच आहे. तोच पिवळा. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

शनिवारी दुपारी मात्र ओहोटीच्या वेळेला बूट घालून हजर झाली.

वाळू ओली, घट्ट, आरशासारखी होती आणि वारा एकसारखा. वेल्डर वही घेऊन कोरड्या वाळूवर उकिडवा बसला. त्यानं स्वतःची बग्गी तिला दिली होती.

पहिला पतंग लाल. त्याची ओढ हळूहळू यायची, विहिरीतून भरलेली घागर वर यावी तशी. वळायला आळशी. पण डोक्यावर आणला की तिथंच बसून राहायचा, ब्रेक ओढला की निमूट खाली यायचा. "म्हातारा बैल," ती परत येऊन म्हणाली. "नव्यांना उत्तम." वेल्डरनं तसंच लिहिलं.

दुसरा निळा. हा चपळ, नुसतं बोट हलवलं तरी वळणारा. पण वारा जरा पडला की त्याचं तोंड मिटायचं आणि कोपरा आत दुमडायचा, आणि परत फुगताना असा हिसका द्यायचा की खांदे निखळावेत. त्याला घेऊन ती लांब गेली. परतताना तिला डावीकडून, जरा मागून, चाकाचा आवाज ऐकू आला. कुईं, थांबून पुन्हा कुईं. दादा नेहमी तिच्या डावीकडेच राहायचा, वाऱ्याच्या बाजूला. त्याचं मागचं चाक कितीही तेल घातलं तरी वाजायचं.

तिनं मान वळवली. लांबपर्यंत तिच्याच चाकांच्या तीन रेषा होत्या.

"तुमच्या बग्गीचं चाक वाजतं का हो?" तिनं वेल्डरला विचारलं.

"छे. कालच ग्रीस भरलंय. का?"

"काही नाही. लिहा, निळा हिसके देतो."

मग तिनं पिवळा पसरला. तेच कापड, तीच काळी किनार. तोंडाची शिवण तिनं बोटानं चाचपली. एकेरी, लांब टाक्यांची, हलक्या दोऱ्याची. घाईत शिवलेली. वेल्डर म्हणाला, "नको वाटत असेल तर राहू दे." तिनं मान हलवली आणि बग्गीत बसली.

आणि खरं सांगायचं तर पिवळा तिघांत सर्वांत गोड उडत होता. मनात आलं की वळायचा. ओढ सरळ, मऊ, हाताला कळेल अशी. दादा याच्यावर का भाळला होता ते तिला पहिल्या शंभर पावलांत कळलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर वारा लागत होता. डावीकडून पुन्हा ते चाक वाजायला लागलं आणि या वेळी तिनं मागे बघितलं नाही. तिला वाटलं, बघितलं तर तो थांबेल. ती वेग वाढवत गेली, चाकही वाढवत आलं. "दादा," ती मोठ्यानं म्हणाली, "बघ, छान चाललाय."

झोत आला तो बाजूनं, वाळू उडवत. पतंग वर चढला आणि तिची पाठ बग्गीच्या सीटवरून सुटली. खालून गाडी निघून गेली. पाय हवेत होते. हँडल सोड, हे तिला माहीत होतं. क्लबात नव्या माणसाला ती स्वतःच दहादा बजावायची. पण बोटं ऐकेनात. जेवढी भीती वाटत होती तेवढी मूठ आवळत होती. बुडणारा माणूस दोर सोडतो का? आता डाव्या बाजूला काहीच वाजत नव्हतं. वाळू खाली खाली जात होती.

मग वर, डोक्यावर, चर्र झालं. शिवण एका टोकापासून सुटत गेली, पाच-सहा कप्पे उघडे पडले, आतली हवा निघून गेली आणि एवढा मोठा पतंग ओल्या धोतरासारखा लोंबायला लागला. ती कमरेएवढ्या उंचीवरून वाळूवर आदळली. गुडघा सोलला. बाकी काही नाही.

वेल्डर धावत आला. "लागलं का? बोल ना काहीतरी! असला भिकार पतंग! शिवणसुद्धा धड नाही!"

ती फाटलेल्या तोंडाकडे बघत होती. एकेरी टाका, हलका दोरा. "भाऊ," ती म्हणाली, "मला दुकानात सोडा."

तिनं टेबलाखालचं पोतं ओढून काढलं आणि दादाचा पतंग फरशीवर पसरला. वेल्डर दारात उभा होता. ती गुडघ्यांवर बसून तोंडाच्या शिवणीवरून बोट फिरवत गेली. मशीनची अर्धी, हाताची अर्धी. एकही टाका सुटला नव्हता. एक सैलसुद्धा पडला नव्हता.

"धडच होता," वेल्डर म्हणाला. "मीच गुंडाळला ना. तुला सांगायला दोनदा आलो होतो. तू आपली शिडांच्या ऑर्डरबद्दलच बोलत बसलीस. मला वाटलं होतं, धड आहे म्हटल्यावर तुला बरं..."

आणि मग त्याच्याही लक्षात आलं. तो दाराच्या चौकटीला टेकला.

अकरा महिने ती शिवण फाटली म्हणून रडत होती. फाटायलाच हवी होती. आज जशी फाटली तशी, आणि तो गुडघा सोलून घरी आला असता, बहिणीला चार शिव्या घातल्या असत्या. तिनं त्याची ती वाट शिवून बंद केली होती.

"त्यानंच सांगितलं होतं ना तुला?" वेल्डर म्हणाला.

"त्यानं सांगितलं. शिवलं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनी शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. सुट्टी होती, ती काचेच्या नळ्या घरी आणून धूत होती. टाकेबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वहिनीनं नळ बंद केला. बराच वेळ ती एक नळी उजेडाकडे धरून बघत राहिली.

"मला तुझा राग यायला हवा," ती शेवटी म्हणाली. "येत नाहीये. उद्या येईल कदाचित. आला तर तोंडावर सांगेन. पण तोपर्यंत तू यायचं थांबवू नकोस."

"आणखी आहे वहिनी. या अकरा महिन्यांत क्लबातल्या पाच जणांनी माझ्याकडून तस्सेच टाके घालून घेतलेत."

वहिनीनं हात पुसले. "मग इथं काय करतेयस?"

दुपारपर्यंत टाकेबाईनं पाचही जणांकडून पतंग परत आणवले. दुहेरी टाका उसवणं शिवण्याहून कठीण असतं. दोरा कापडात रुतून बसलेला असतो, घाई केली की कापड जातं. वेल्डरनं वही पुरी केली. लाल नव्यांना द्यावा, निळा कुणीच घेऊ नये, पिवळा जाणत्या हातालाच, आणि त्याची शिवण फाटली तर जशी होती तशीच शिवावी, जास्त पक्की करू नये. हे शेवटचं वाक्य टाकेबाईनं सांगून घातलं आणि खाली कारणही लिहायला लावलं. वेल्डर नको म्हणत होता. तिनं त्यातला दादाचा उल्लेख खोडू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आली, समोरच्या स्टुलावर बसली आणि एक पतंग मांडीवर ओढून उसवायला लागली. चौथ्या दिवशी तिला राग आला. ती कात्री टेबलावर आपटून उठली, "तुला एवढं पक्कं कशाला शिवायचं होतं गं!" असं ओरडली, रस्त्यावरची माणसं थबकली, आणि ती निघून गेली. टाकेबाईनं खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा केले. तिला वाटलं, आता ही येत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी वहिनी पुन्हा आली. डोळे सुजलेले होते. शेवटच्या पतंगाचे अजून तीन कप्पे उसवायचे राहिले होते. "सरक," ती म्हणाली, "उजेड अडतोय," आणि दोघी एकाच शिवणीची दोन टोकं धरून बसल्या.