आमची नऊ बाराची गाडी

बहरीनमध्ये रुळाचा एक तुकडा नाही. तरी आमचे हे रोज सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी गाडीची वाट बघतात. कामाच्या दिवशी ऑफिसात मोबाइलवर आणि शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर.

स्टेशन स्वीडनमधलं. दोन फलाट, एक बाक, वर पूल. समोर राहणाऱ्या कुणा रेल्वेवेड्या म्हाताऱ्याने खिडकीत कॅमेरा लावून ते चोवीस तास इंटरनेटवर सोडलंय. असलं कोण बघत बसणार? चंद्रशेखर पाटणकर, वय सत्तावन्न, सीनियर इंजिनियर, हे बघतात.

कारण आमची निधी त्या स्टेशनाला लागूनच राहते. इथली बँकेतली नोकरी सोडून गेली, यांना न विचारता. तेव्हापासून बापलेकीचा अबोला. पाच महिने! यांचं म्हणणं, पहिला फोन तिने करायचा. तिचं म्हणणं, बाबांनी. आणि मधल्या मधे निरोप पोचवून माझा जीव मेटाकुटीला आलेला. "मला काही पडलेलं नाही," असं म्हणायचं आणि लाल कोटातली, लांब वेणीची निधी गाडीत चढली की चष्मा पुसायचा! तिकडे त्या वेळी जेमतेम सव्वासात, हिवाळ्याचा अंधार, चेहरा काही नीट दिसत नसे. पण तो कोट मीच तिला इथल्या रिफा भागातल्या मॉलमधून घेऊन दिला होता.

चोरून बघतो हे तिला सांगायची सोय नव्हती. म्हणून ऑफिसला कशी जातेस, किती वाजता, हे मी कधी विचारलंच नाही. यांनी मात्र तिथल्या रेल्वेचं अ‍ॅप घेतलं. गाडी चार मिनिटं लेट झाली की इथे येरझाऱ्या सुरू. खालच्या मजल्यावरचे यासीनभाई लिफ्टमध्ये विचारायचे, "काय इंजिनियरसाहेब, आज गाडी टायमावर?"

गेल्या शुक्रवारी हे एकदम ओरडले, "अगं, फलाट बदलला!"

गाडी दहा मिनिटं लेट आणि पलीकडच्या फलाटावर, असं अ‍ॅपवर आलं होतं. सगळे लोक पूल ओलांडून गेले. अलीकडे लाल कोट एकटाच, कानात हेडफोन, पाटीकडे पाठ.

"फोन करा," मी म्हटलं.

"तू कर."

"माझे हात कणकेत आहेत." कणीक कधीच मळून झाली होती. मी पुन्हा हात घातले.

यांनी दोनदा घसा खाकरला आणि फोन लावला. "निधी! पलीकडच्या फलाटावर जा! पळ!"

"बाबा?" स्पीकरवर निधीचा झोपाळलेला आवाज आला. "कुठला प्लॅटफॉर्म? मी घरी आहे. बेडमध्ये."

पडद्यावर लाल कोट तसाच उभा. मग सगळं बाहेर आलं. निधी सायकलने ऑफिसला जाते, शुक्रवारी घरूनच काम करते. त्या गाडीत ती कधी बसलेलीच नाही. माझा कोट तिथल्या थंडीला पुरत नाही, म्हणून कपाटात पडलाय. पाच महिने आम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी पोरीची काळजी वाहत होतो! निधी हसून हसून खोकायला लागली. हे असे ओशाळले की मला वाटलं, आता फोन ठेवतात आणि अबोला पुन्हा पहिल्यापासून.

पण यांची नजर टीव्हीवरून हलेना. "हसू नकोस. ही पोरगी राहील ना इथेच. अजून सहा मिनिटं आहेत. तू जवळ आहेस. यल्ला, जा, सांग तिला!"

"बाबा, आय डोन्ट इव्हन नो हर!"

"मी ओळखतो," हे म्हणाले.

चार मिनिटांनी फलाटावर एक मुलगी धावत आली. पायजमा, वर भलामोठा काळा कोट, केस मानेपर्यंत कापलेले. म्हणून ही हल्ली माझ्याशी व्हिडिओवर बोलत नव्हती तर! तिने लाल कोटाच्या खांद्यावर थाप मारून पलीकडे बोट दाखवलं. ती मुलगी पळत सुटली. गाडी आली, गेली. अलीकडे आमची निधी एकटी उरली, धापा टाकत.

"बाबा, कॅमेरा कुठेय?"

"उजवीकडे. वरची खिडकी. अजून थोडं वर. हां."

तिने वर बघून हात हलवला. यांनीही टीव्हीकडे बघून हलवला.

"बारीक झालीस गं," हे म्हणाले. आणि लगेच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला नाही.