पंधरा घोड्यांची मी आणि लेसिएली

“मास्तर, आत्ताच्या आत्ता माझ्या पोरीला या शेडमधून बाहेर काढा!”

“माका, हळू बोल. पलीकडे शिवणाचा वर्ग चालू आहे.”

“मग तिथेच बसवा ना तिला! दोन भिंतींचं तर अंतर!”

हे चाललं होतं तेव्हा मी लाकडी घोडीवर, झाकण काढलेली, आतडी उघडी टाकून लटकत होते. मी म्हणजे होडीच्या मागे लावतात ती मोटर. पंधरा घोड्यांची ताकद आहे माझ्यात, आणि तोंडही तेवढंच. प्रशांत महासागरातल्या टोंगाच्या हाआपाई बेटांवर माझी हयात गेली. मला कुणी काही शिकवलं नाही. जे कळतं ते खाऱ्या पाण्यात राहून कळलं.

माझा पहिला धनी कोळी. या बेटावरून त्या बेटावर मी काय काय पोचवलं! डुकरं, चर्चचे गाणारे, अडलेल्या बाळंतिणी. माणसांची खोड मला तेव्हाच कळली. मोटर चालते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बंद पडली की आधी शिवी, मग लाथ, आणि सगळ्यात शेवटी पाना.

एका वादळात मी बुडाले. वर काढून मला नीरफणसाच्या झाडाखाली टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसत, आणि नुसत्या बसत नसत, हेही सांगून टाकते. मग कुणीतरी मला या तंत्रशाळेला देऊन टाकलं. तीन वर्षं मुलांनी मला खोललं आणि बंद केलं. माझे बोल्ट झिजले, पण ही पुन्हा चालेल असं एकाच्याही मनात आलं नाही.

यंदा शाळेनं पहिल्यांदाच मोटरच्या वर्गात मुली घेतल्या. तिघींनी नावं दिली. दोघी आठवड्याभरात शिवणाला गेल्या. उरली माकाची लेसिएली. तिनं माझ्या आत बोट घातलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, “मास्तर, ही मेलेली नाही. हिच्या पाण्याच्या वाटेत मीठ बसलंय.”

तीन आठवडे ती मला गोड्या पाण्यानं धूत होती. मग एका सकाळी तिनं दोरी ओढली. मी खोकले, थुंकले आणि गरजले!

“बघा मास्तर, म्हातारी बोलली!” ती ओरडली. त्या पोरीचे उपकार मी कशानं फेडू?

तिचा भाऊ फेलेती याच वर्गातला. पण हे तीन आठवडे तो काकाकडे कंद लावायला गेला होता. त्या दिवशी परतला, आणि दारातून बघतो तर बहीण माझ्यावर वाकलेली. खाली मान घालून तो तसाच मागे फिरला. त्याला दोष देत नाही मी. आमच्याकडे वयात आलेले बहीण-भाऊ एका खोलीत बसत नाहीत. तिचा मान राखला त्यानं. पण बापाच्या कानावर गेलं आणि बाप इथे उगवला.

“बाबा,” लेसिएली म्हणाली, “गेल्या साली तुमची मोटर बंद पडली. दीड दिवस वाहत होतात. आपल्या बेटावर एकाला तरी ती खोलता आली असती?”

“म्हणून तर फेलेतीला घातलंय!”

“तो दोन वर्षं शिकतोय. ही कुणी सुरू केली ते विचारा मास्तरांना.”

कितिओने मास्तर पायांकडे बघत म्हणाले, “केली तिनंच. पण रीत ती रीत, पोरी. दोघांतून एकाला जावंच लागेल.”

एकाला म्हणजे कुणाला, हे कुणी विचारलंच नाही. लेसिएली फडक्याला हात पुसू लागली. माझ्या नशिबी आता पुन्हा कोंबड्या!

तेवढ्यात पिसिला आत्या दाराबाहेर येऊन उभी राहिली, माकाची थोरली बहीण. कमरेला मानाची चटई गुंडाळलेली, हातात काठी. भावाच्या मुलांवर आत्याचा शब्द शेवटचा, त्यामुळे माका गपकन जमिनीवर बसला.

“कोण जायचं म्हणताय?”

“लेसिएली, ताई.”

“का?”

“वर्गात भाऊ आहे ना तिचा.”

आज शाळेची होडी मी चालवते, आणि रोज संध्याकाळी लेसिएली मला गोड्या पाण्यानं धुते. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरची एखादी पोर यंत्रात हात घालत असेल तर तिला घालू द्या, एवढंच मागते. मी पहिले आभार लेसिएलीचे मानते, पण दुसरे आत्याचे. कारण त्या दिवशी तिनं काठी खाली ठेवली आणि ती म्हणाली, “माका, मी घरात पाऊल टाकलं की ताटावरून उठून बाहेर जायचास तो तू, मला कधी कुणी उठवलं नाही, तेव्हा उद्यापासून फेलेती सुतारकामाला बसेल, आणि माझी पोरगी इथेच.”